मिटलेल्या डोळ्यांचा अहवाल

भाऊजींना 'खूप' हा शब्द सहन होत नसे. कुणी सहज बोलून गेलं की काल खूप पाऊस झाला, तर ते हातातला कप खाली ठेवत आणि विचारत, "लय म्हंजे किती?" समोरच्याला वाटे, गंमत चाललीय. गंमत नसे. उत्तर येईपर्यंत चहा निवत राही. मयताच्या घरी बसायला गेलो असताना कुणी म्हणालं की म्हातारीनं फार काढलं हो, तर तिथंही हे पुढे सरसावून विचारणार, "किती दिवस?" ताई त्यांच्या सदऱ्याचा मागचा भाग धरून ओढायची. तसे ओढून ओढून त्यांचे सदरे मागून लांब झाले होते, असं ती म्हणे.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारंजा घाडगेला तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद बावीस वर्षं त्यांच्याकडे होती. जून लागला की रोज सकाळी साडेआठला भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, खाली वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, आकडा लिहायचा, वर कळवायचा. पावसाळ्यात त्यांनी कधी रजा घेतली नाही. माझी भाची श्वेता जुलैतल्या एका सकाळी सव्वाआठला जन्मली तेव्हा बाप दवाखान्यात नव्हता. ताईनं ते कधी विसरू दिलं नाही आणि यांनी कधी माफी मागितली नाही. "त्या दिवशी एक्केचाळीस मिलिमीटर होता," एवढंच सांगत, जणू त्यात सगळं आलं.

पाऊस नसला तरी ते रकाना कोरा सोडत नसत. 'निरंक' असं लिहीत. "कोरा म्हंजे कोणी पाह्यलंच नाई. निरंक म्हंजे पाह्यलं, आन नव्हतं." हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. मी वर्ध्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकटा राहतो, कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात.

निवृत्त झाल्यावर त्यांना करमेना. त्यांनी एक प्लास्टिकचं मापक आणून माझ्या गच्चीवर ठोकलं आणि रोज सकाळी फोन सुरू केला. "काय ग्रंथपाल, वर्ध्यात किती?" सुरुवातीला मी इमानानं वर जाई. मग एका सकाळी पांघरुणातूनच "बारा" म्हणून सांगून टाकलं. दुपारच्या एसटीनं भाऊजी दारात. चप्पल न काढता गच्चीवर गेले, खाली आले. मापकाच्या तोंडावर वाळकं पान अडकलं होतं आणि आत थेंब नव्हता. पाणीसुद्धा न घेता निघाले. जाताना म्हणाले, "आकडा चुकला तं चालते, माणूस हाय. पण न पाह्यता सांगतला तं तो आकडा नाई. गप्पा हाय." पुढचे आठ दिवस फोन आला नाही. मला सुटका वाटायला हवी होती. मी मात्र रोज साडेआठला फोनकडे बघत बसलो, याचाही मला रागच आला.

त्यांच्या हृदयात स्टेंट बसवल्याला दोन वर्षं झाली तेव्हा श्वेतानं दिवाळीच्या सुट्टीत सहल ठरवली. ती पुण्यात नोकरी करते. आम्ही तिघांनी रेल्वेनं पुण्याला जायचं, तिथून तिच्या गाडीनं मालवण. एक दिवस समुद्रात स्नॉर्कलिंग, दुसरा दिवस आंबोलीचे कडे. भाऊजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण ते पोहणारे होते. लहानपण पवनारजवळच्या खेड्यात गेलेलं. धामच्या डोहात उघड्या डोळ्यांनी बुडी मारायचे आणि तळ पाहायचा म्हणून दम कोंडून राहायचे. तळ कधी दिसला नाही, गाळ दिसायचा. काचेच्या चष्म्यातून समुद्राचा तळ दिसतो, हे श्वेतानं मोबाइलवर दाखवलं तेव्हापासून ते घरात लहान मुलासारखे वागायला लागले, अशी ताईची तक्रार होती.

मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "हा आपला नोहे. आपलं पाणी तिकडं जाते, बंगालच्या बाजूनं. धाम वर्धेत, वर्धा पुढं गोदावरीत." श्वेता फोटो काढायला थांबली होती. ताई म्हणाली, "मंग तिकडंच काऊन नाई गेलो? इकडं कायले आनलं मले?"

नाव सुटायच्या आधी एक छापील फॉर्म भरून द्यायचा होता. हृदयविकार, रक्तदाब, दमा, फिट: होय किंवा नाही. येणारा प्रत्येक माणूस न वाचता 'नाही'वर खुणा करून सही ठोकत होता. भाऊजी चष्मा लावून दगडावर बसले. एकेक रकाना वाचला. हृदयविकारापुढे स्टेंट कधी टाकला ते लिहिलं, गोळ्यांची नावं लिहिली, जागा पुरली नाही म्हणून 'मागे पाहावे' लिहून मागच्या बाजूला उरलेलं लिहिलं. पाण्यात नेणारा पोरगेला माणूस, अंगानं काटक, उन्हानं काळवंडलेला, तो कागद उलटसुलट करून वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, मगे तुमका पाण्यात सोडूक येवचा नाय."

"पप्पा, दुसरा फॉर्म घ्या ना," श्वेता दबक्या आवाजात म्हणाली. "सगळीकडे नाही करा. कोण बघतं?"

"मी पाहून राह्यलो ना."

"अहो पप्पा, डॉक्टर म्हणाले होते ना पोहायला हरकत नाही म्हणून?"

"तं डॉक्टरनं लिहून द्याचं होतं. फॉर्मवर खोटं लिहू काऊन?"

ताईनं पदर कमरेला खोचला. "अख्खा मुलुख ओलांडून आली मी तुमच्या मांगं, तुमाले नावेत बसवाले. बसा. चांगले मांडी घालून बसा."

ते खरोखरच नावेत मांडी घालून बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण सदऱ्याची बटणं त्यांनी कपडे बदलायला म्हणून सोडली होती, ती एकेक परत लावली. ते मला बघवलं नाही. नाव खडकांपाशी पोहोचेतो श्वेताला बोट लागली; ती लिंबू हुंगत आईच्या मांडीवर आडवी झाली. पाण्यात उतरायला उरलो मी. मला पोहता येत नाही. बादलीतलं पाणी तोंडावर मारतानाही मी डोळे घट्ट मिटतो.

"जा ग्रंथपाल," भाऊजी म्हणाले. "पाहून सांगजो. नीट पाह्यजो."

मला जाकीट घातलं, तोंडात नळी दिली, डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला. हवा भरलेल्या रिंगला धरून मी पाण्यावर आडवा झालो. त्या माणसानं माझं डोकं अलगद खाली दाबलं. मी डोळे मिटले. उघडायचे ठरवले आणि उघडले नाहीत. दोनदा त्यानं माझ्या खांद्यावर थोपटून काहीतरी दाखवलं, मी दोनदा मान हलवली. दहाएक मिनिटांनी मला वर ओढलं तेव्हाच डोळे उघडले. नावेच्या कडेवर भाऊजी ओणवे झाले होते.

"काय पाह्यलं?"

"छान होतं."

"छान म्हंजे?"

"मासे होते."

"किती? कसे? खोल किती होतं? तळ रेतीचा का गोट्याचा?"

नाही पाहिलं, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं आणि तीन अक्षरं. पण त्या बटणांकडे माझं लक्ष गेलं. आमच्या ग्रंथालयात सागरी जीवांवरचं एक मोठं सचित्र पुस्तक आहे. मी त्यातली पानं आठवून बोलू लागलो. नारिंगी मासे, त्यांवर पांढरे पट्टे. बोटांसारखी हलणारी फुलं, त्यांत ते लपतात. एक निळा, चपटा, थाळीएवढा. किती म्हणाल तर सतरा. तळ रेतीचा, दोन पुरुष खोल. जन्मात मी एवढं सलग बोललो नव्हतो. पाण्यात नेणारा माणूस दोर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले, त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत दोर गुंडाळू लागला. भाऊजींनी खिशातली छोटी वही काढून सगळं लिहून घेतलं. शेवटी माझ्या ओल्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास. याले म्हंतात पाहणं."

संध्याकाळपर्यंत ते सतरा मासे हॉटेलच्या मालकाला ठाऊक झाले. त्याच्या बायकोला झाले. कारंज्याच्या दोन मित्रांना फोनवरून झाले. प्रत्येक वेळी ते सांगत की मी नाई पाह्यले, आमच्या ग्रंथपालनं पाह्यले, आणि माझ्याकडे बोट दाखवत. मी जेवलो नाही. ताईला वाटलं, मलाही बोट लागली.

दुसऱ्या दिवशी आंबोलीला घाट चढतानाच ढग उतरले. वर पोहोचलो तर समोरचा गाडीरस्ता दिसेना. कड्याशी लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे कोऱ्या कागदासारखं पांढरं. वारा खालून वर येत होता, पाऊसही त्याच्याबरोबर खालून वर. आलेली माणसं पाच मिनिटांत भिजून, गरम भजी खाऊन परतत होती. भाऊजी छत्री घेऊन कठड्याला टेकले आणि उभे राहिले. अर्धा तास झाला. भज्याच्या गाडीवाल्याला त्यांनी मासे सांगितले. तास झाला.

श्वेता दोनदा येऊन गेली. "पप्पा, आज नाही उघडणार. तो भजीवाला पण म्हणतोय. घाटात अंधार नको व्हायला."

"पॉइंटवर आलो तं पाह्यचं. नाई दिसलं तं नाई दिसलं लिहायचं. पण उभं तं राहा लागते ना, पोरी."

गाडीच्या काचेआडून ताईचा आवाज आला, "राहू दे वो त्यायले. लग्नापासून मी पाहून राह्यली. दगड हालन, पण हा माणूस नाई हालनार."

छत्री उलटायला लागली म्हणून मी धरायला गेलो. आमच्या दोघांवर एकच छत्री, आणि दोघंही भिजलेलो. ते त्या पांढऱ्याकडे बघत म्हणाले, "आज नाई दिसलं तरी काई नाई. काल तुह्यामुळं पाहून झालं. म्या नावेत बसून सारं पाह्यलं."

तिथं मी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं. मी डोळे मिटले होते, भाऊजी, ते सगळं पुस्तकातलं होतं.

वाऱ्यानं छत्री एकदा आपटली. मला गच्चीवरचं वाळकं पान आठवलं. वाटलं, आता हे एकटेच एसटी धरून कारंज्याला निघतील आणि आठ दिवसच काय, पुन्हा कधीच फोन करणार नाहीत. मग त्यांनी वही काढली, पाऊस लागू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरली आणि विचारलं, "डोये मिटले तं मिटले. मंग आत काय होतं?"

"काही नव्हतं."

"असं कसं? दहा मिनिटं होता तू. काईतरी अशीनच."

मी सांगू लागलो. आधी अंधार, मग अंधार तांबूस होतो. आपलाच श्वास नळीतून येतो, कुणी दुसरं माणूस शेजारी झोपल्यासारखा. नळीचं रबर चावून चावून दाढ दुखते. पायांखाली काही नाही, हे पायांना कळतं आणि ते आपोआप पोटाशी येतात. त्या माणसाचा हात दंडावर होता तेवढीच जागा गरम होती. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजत होतो आणि साठच्या पुढे मला आठवेना. ते मध्ये मध्ये विचारत होते, खारट पाणी तोंडात गेलं का, कानात काय वाजत होतं, आई आठवली का. आई आठवली होती. तेही लिहिलं. अर्धा-पाऊण तास आम्ही त्या कठड्याशी होतो. इतक्या वर्षांत मी भाऊजींशी बोललो ते तेव्हाच. कडा शेवटपर्यंत दिसला नाही.

इथंच हे संपलं असतं तर मी त्यांना थोर माणूस म्हटलं असतं. पण ते गाडीकडे वळण्याआधी भज्याच्या गाडीवर गेले. "भाऊ, मघा सांगतलं ते सतरा मासे चूक हाय. याचे डोये मिटलेले होते." भजीवाल्यानं कढईतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रात्रीचं जेवण वाढताना हॉटेलच्या मालकाला सांगितलं. त्याच्या बायकोला स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगितलं. कारंज्याच्या दोन्ही मित्रांना फोन केले. सरकारी कागदात चूक झाली की शुद्धिपत्रक काढतात. ज्या-ज्या कचेरीत मूळ कागद गेला, तिथं-तिथं ते पोहोचलं पाहिजे. परत आल्यावर सहा महिने मी कारंज्याला गेलो की पानठेल्यावरचा माणूस विचारी, "काय साहेब, डोये उघडे हाय ना आज?" मी एकदा चिडून बोललोही. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मंग चुकीचंच राहू द्याचं होतं का?" याला उत्तर नसतं, म्हणूनच तर जास्त चीड येते.

पुढच्या दिवाळीनंतरची थंडी संपता संपता त्यांना वर्ध्याच्या एका दवाखान्यात ठेवलं. सहा दिवस ताई बाकावर बसून होती. सातव्या दिवशी सकाळी मीच तिला म्हणालो, माझ्या घरी जाऊन अंघोळ करून ये, मी आहे, इतक्यात काही होत नाही. ती जाईना. मी जवळजवळ ढकलून तिला ऑटोत बसवलं. ती परत आली तेव्हा भाऊजी गेलेले होते.

दवाखान्यातल्या सगळ्यांनी तिला सांगितलं, शांतपणे गेले. मीही मान हलवली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर चार जण बोलले. चौघांनीही झोपेत गेले असंच सांगितलं, आणि ते स्वभावानं गोड होते असंही सांगितलं. ताई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. माणसं पांगल्यावर, सतरंज्या गोळा करताना तिनं मला थांबवलं.

"तू होता तिथं. बाकी कोणी नव्हतं. कसे गेले?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. दोन शब्दांचं होतं, आणि सगळ्यांनी आधीच देऊन ठेवलेलं होतं. ते मी दिलं असतं तर तिचं उरलेलं आयुष्य थोडं सोपं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

मी सांगितलं. वीस मिनिटं श्वासासाठी झगडले. नाकावरची नळी दोनदा ओढून काढली. नर्स म्हणाली, काका, थोडंच राहिलंय, तर तिच्यावर डोळे वटारून विचारलं, थोडं म्हंजे किती. ती बिचारी रडायच्या बेताला आली. मग दोनदा विचारलं, "ही कुठं गेली?" मी म्हणालो, येऊन राह्यली, रस्त्यात आहे. तोवर मी तुला फोनसुद्धा केला नव्हता, ताई. ते दाराकडे बघत होते. दाराकडे बघतच गेले.

ताईनं हातातली सतरंजी खाली ठेवली. ती हिशेब लावत असल्यासारखी हळू बोलली, "तवा मी त्यायचा सदरा पिळून राह्यली होती. तुह्या न्हाणीघरात." एवढं म्हणून आत गेली आणि दार लावून घेतलं. निघताना मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. चार दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. श्वेतानं मात्र उचलून मला बरंच सुनावलं. मामा, काय गरज होती, म्हणाली. मला भाऊजींचा इतका संताप आला, की ते समोर असते तर मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो असतो.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी कारंज्याला गेलो. ताईनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. मी बसलो. तिनं चहा केला, माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा कप घेऊन समोरच्या खुर्चीत बसली. डोळे सुजलेले होते आणि आवाज नेहमीचा, वैतागलेला.

"त्या दिशी माह्या अर्धं ध्यानात आलं नाई," ती म्हणाली. "तू सांगू कमी अन् रडू जास्त राह्यला होता. मी ऑटोत बसली, तिथपासून सांग. आन मधात रडू नको."